कै. म. शेलार यांचे कुटुंबीय

आमच्या दारावर एक लाकडी पाटी होती. खाली तांबटांची आळी, दिवसभर तांब्यापितळेवर ठोके पडत असायचे, तरी आमची पाटी लाकडाचीच. काळ्या रंगावर पांढरी, जरा तिरकी अक्षरं: कै. म. शेलार. बाबांचं नाव कैलास महादेव. श्रावणी सोमवारी जन्मले म्हणून आजोबांनी हौसेने कैलास ठेवलं. मुलावर पुढे आद्याक्षरं लिहायची वेळ येईल, आणि मराठीत 'कै.' पाहिलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. नवीन पोस्टमन आला की पहिले काही दिवस आमच्या दाराशी आवाज खाली आणून बोलायचा. एकदा शिरगणतीला आलेल्या गुरुजींनी दार उघडणाऱ्या बाबांनाच पाटीकडे बोट करून हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?" बाबा म्हणाले, "सकाळी सहाला. आत्ताच आलो." समोरच्या खोलीतले परांजपे मास्तर तर पाटीवर टपलेलेच असत. "शेलार, पाटी बदला हो. रोज जिना चढून आलं की आंघोळ करावीशी वाटते." त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "राहू द्या मास्तर. ऐनवेळी रंगारी मिळत नाही."

पुण्याच्या कसबा पेठेतल्या त्या चाळीत आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि राहणारे आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई मी फार लहान असताना गेली. तिच्याबद्दल मला काही आठवत नाही आणि उगीच आठवतंय असं लिहिणार नाही. बाबा खडकीच्या एका कारखान्यात होते. पहाटे सायकल काढून जायचे, अंधार पडायच्या सुमारास यायचे. मी शाळेतून आले की गळ्यातल्या किल्लीने कुलूप उघडायचं, डब्यातलं थालीपीठ नाहीतर सकाळची भाकरी खायची आणि खिडकीत बसायचं. खालून ठोके येत असायचे. हंड्यावरचा ठोका जाड, तांब्यावरचा बारीक, आणि एखादं घंगाळ जन्माला येत असलं की दोघं तिघं मिळून ठोकत, त्यात गाण्यासारखी लय यायची. लोकांना त्या आवाजाने डोकेदुखी होई, मला तो सोबतीला लागे. दिवेलागणीला तांबट हत्यारं ठेवत आणि सगळं एकदम थांबे. त्या थांबण्याची मला भीती वाटायची. ठोके थांबले आणि बाबांच्या सायकलची घंटा अजून वाजली नाही, एवढ्या वेळात मी कितीतरी वेळा जगात एकटी झाले आहे.

बाबा फुटबॉल खेळले होते, आणि साध्यासुध्या संघाकडून नव्हे, देशाकडून. हे वाक्य मी शाळेत एकदाच म्हटलं. वर्गातल्या मुलींनी विचारलं, "म्हणजे क्रिकेट ना?" मी नाही म्हटल्यावर एकीने फार समजूतदारपणे सांगितलं, "अगं, मग तो खेळ नाही, ती मारामारी." पेठेत चेंडूला पायाने लाथ मारणं म्हणजे वाया गेलेल्या पोराचं लक्षण समजलं जाई. बाबांचा ज्या खेळाने संसार उभा राहिला, कारखान्यातली नोकरी ज्याने लागली, त्याचं नाव आमच्या जिन्यात कुणी घेत नव्हतं. एका सामन्यात गुडघा गेला, खेळ संपला, नोकरी राहिली. घरी पुरावा म्हणाल तर दोनच गोष्टी. एक, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेला निळा कोट, खिशावर देशाची मुद्रा भरतकामात काढलेली. आणि दुसरी, त्यांचे पाय. त्या पिढीतले पुष्कळ जण बूट न घालता, घोट्याला आणि चवड्याला कापडी पट्ट्या गुंडाळून खेळत. बाबांच्या पायाची बोटं वेगवेगळ्या दिशांना बघत बसलेली असायची. संध्याकाळी घंगाळात गरम पाणी, त्यात मूठभर खडेमीठ, आणि त्यात ते पाय. मी समोर बसून पाढे म्हणायची.

जेवण बाबाच करत. पिठलं झकास, भाकरी नकाशासारखी. रविवारी मात्र लष्कर भागातल्या एका दुकानातून आणलेली मोहरीच्या तेलाची बाटली निघे आणि त्यात बटाटे, वांगी, क्वचित मासा. संघ कलकत्त्याला सरावाला जमे तेव्हा ही चव त्यांच्या जिभेला लागली होती. ते तेल तापलं की सगळ्या मजल्यावर डोळ्यांतून पाणी. परांजपे मास्तर उपरण्याने नाक धरून दारात येत. "शेलार, काही जळतंय की आपण मुद्दाम करताय?" बाबा म्हणत, "मुद्दाम." तो वास मला फार आवडायचा असं नाही. पण तेल तापत असताना बाबा कुणाशी तरी मनातल्या मनात बोलत असल्यासारखे दिसायचे, आणि ते पाहायला मी चुलीशी घोटाळायची. ते कोणाशी बोलतात हे मला ठाऊक होतं. दादूशी. दादू म्हणजे त्यांच्या संघाचा गोलकीपर, कलकत्त्याचा. बाबा फार सांगत नसत, पण एखाद्या रविवारी म्हणत, "दादूला हे वांगं आवडलं असतं." खेळ सुटल्यावर त्यांनी त्याला दोनतीन पत्रं टाकली होती. घर बदललं असेल, पत्रं पोचली नसतील. उत्तर आलं नाही.

आमचा एक खेळ होता. चाळीच्या मागे न्हाणीघराकडे जाणारा फरसबंद बोळ, त्याच्या टोकाला दगडी भिंत. मी भिंतीशी उभी राहायची, बाबा चेंडू हळूच माझ्याकडे सोडायचे आणि मागोमाग स्वतः यायचे, दुखऱ्या गुडघ्याने, लंगडत. नियम एकच. मी "सोड!" असं ओरडले की बाबांनी थांबायचं. चेंडू पायाच्या बोटाशी असला तरी त्याला शिवायचं नाही. मग मी पुढे होऊन तो उचलायचा. एवढा मोठा माणूस माझ्या एका शब्दावर जागच्या जागी थांबतो, ह्याची मला केवढी ऐट वाटायची! हा शब्द कुठून आला हे मी कधी विचारलं नाही. मला वाटे, तो आमच्या दोघांचाच आहे.

आणि मग ते निमंत्रण आलं. फुटबॉलच्या कुठल्याशा संघटनेने देशाच्या जुन्या खेळाडूंचा गौरव समारंभ पुण्यात ठेवला होता, स्वारगेटजवळच्या एका सभागृहात. जाड कागद, सोनेरी कडा. वर शाईने लिहिलेलं होतं: 'कै. म. शेलार यांच्या कुटुंबीयांस सप्रेम.' बाबांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग खिडकीशी जाऊन वाचलं. आत छापलेल्या पाहुण्यांत दादूचं नाव होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सुमे, सहकुटुंब बोलावलंय बघ." मी म्हटलं, "बाबा, कुटुंब म्हणजे मीच ना?" तर हसून म्हणाले, "तूच. सगळं कुटुंब न्यायचंय म्हणजे तुला न्यायचं."

लोक हसतील, पण आम्हाला दोघांनाही त्यात वेगळं काही दिसलं नाही. दुसऱ्या कुणाच्या दाराशी तो कागद आला असता तर त्याने पहिल्या अक्षराला ओळखलं असतं. आम्ही त्या 'कै.'बरोबर इतकी वर्षं राहिलो होतो की आम्हाला त्यात नुसते बाबा दिसत होते.

ते दिवस आमच्या घरातले सगळ्यांत आनंदाचे. बाबांनी केस कापले, रजा टाकली, कोल्हापुरी चपलेला बोटांच्या बेताने नवा अंगठा लावून घेतला. मला हिरवं परकरपोलकं शिवलं. निळा कोट ट्रंकेतून निघाला, दोरीवर वाऱ्याला लागला. घालून पाहिला तर बटण लागेना, आणि पाठीवर कसरीने नक्षी काढलेली. बाबा म्हणाले, "हातावर घेऊ. दादूला दाखवायला होईल." परांजपे मास्तरांना स्वतः जाऊन सांगून आले. मास्तर म्हणाले, "सत्कार? आपला? कशाबद्दल?" बाबा म्हणाले, "लाथा मारल्याबद्दल." पण सांगताना त्यांचा चेहरा असा होता की मास्तर त्यांना आमच्या दारापर्यंत सोडायला आले. मी बाबांना तसं त्याआधी पाहिलं नव्हतं. आपल्या स्वतःच्या गावात, चार लोकांत, कुणीतरी त्यांचं नाव घेणार होतं आणि ते उठून उभे राहणार होते. त्यांना एवढंच हवं होतं, आणि दादू भेटायला हवा होता.

सभागृहाच्या दारात छातीवर बिल्ला लावलेले एक गृहस्थ हातातला कागद बघून माणसं आत सोडत होते. "शेलार," बाबा म्हणाले. गृहस्थांनी लगेच हात जोडले, आवाज मऊ केला. "या, या. कुटुंबीय ना? तिसरी रांग." आणि हातावरच्या कोटाकडे बघून म्हणाले, "त्यांचाच का? जपून ठेवलात हं." बाबांनी मान हलवली. सत्काराच्या दिवशी माणसं जरा जास्तच गोड बोलतात, असं मला वाटलं.

तिसऱ्या रांगेत कोणी बोलत नव्हतं. माझ्या पलीकडे कोल्हापूरकडच्या एक बाई होत्या, पांढरं पातळ, कपाळ मोकळं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि मला ओलांडून बाबांना विचारलं, "तुमचं कोन वो?" बाबा म्हणाले, "आम्ही शेलार." "थोरलं भाऊ व्हतं का?" बाबा काही बोलायच्या आत त्याच पुढे म्हणाल्या, "माझं मालक जाऊन दुसरं वरीस हाय. कोन ईचारत न्हवतं. आज बोलीवलं, बरं वाटलं." बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या रांगेतल्या माणसांकडे, आणि मग समोर व्यासपीठाकडे. तिथे एका बाजूला खुर्च्यांवर म्हातारे खेळाडू बसले होते. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर घातलेल्या टेबलावर तसबिरी मांडल्या होत्या आणि प्रत्येकीला हार होता. एका चौकटीत फोटोच नव्हता, नुसता कागद होता, त्यावर नाव लिहिलेलं. तिथून ते वाचता येत नव्हतं. बाबांनी कोटाची घडी उलटी केली, मुद्रा आतल्या बाजूला गेली. मला अजून काही कळलं नव्हतं.

सूत्रसंचालन करणारे गृहस्थ भारदस्त आवाजाचे होते. ज्यांनी ह्या देशाचं नाव पायांनी मोठं केलं आणि जे आज आपल्यात नाहीत, अशी सुरुवात करून त्यांनी नावं वाचायला घेतली. प्रत्येक नावाच्या आधीचं 'कै.' ते पूर्ण उच्चारत होते, घोळवून. कैलासवासी अमुक. कैलासवासी तमुक. मग एकदा ते म्हणाले, "कैलासवासी म. शेलार." मला आधी वाटलं, कुणी दुसरे शेलार असतील, मधुकर नाहीतर मनोहर. मी बाबांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या त्या फोटो नसलेल्या चौकटीकडे बघत होते. "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या," आवाज आला.

सगळं सभागृह उभं राहिलं. खुर्च्या खडखडल्या आणि मग काही म्हणजे काही आवाज नाही, तांबटांनी हत्यारं ठेवल्यावर व्हायचं तसं. मी बसूनच होते. बाप शेजारी जिवंत असताना त्याच्या श्रद्धांजलीला उभं राहायचं की नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी मला दंडाला धरून उठवलं आणि स्वतः माझ्या शेजारी उभे राहिले. पाय जुळवलेले, हात सरळ, मान ताठ. राष्ट्रगीताला उभे राहावेत तसे. दुखरा गुडघा त्यांनी त्या वेळेपुरता सरळ केला होता. सगळे आपापल्या माणसासाठी उभे होते, आणि माझे बाबा स्वतःसाठी उभे होते, कारण त्यांच्यासाठी उभं राहणारं दुसरं तिथे कोण होतं? मी. तीही बळेच उठवलेली. आजही कुठल्या शोकसभेत स्तब्धता पाळायची वेळ आली की मी डोळे मिटत नाही. उघडे ठेवून शेजारी कोण उभं आहे ते बघते.

मग दादू बोलायला उठला. उंच माणूस, आता वाकलेला, काचेच्या तळासारखा जाड चष्मा. ध्वनिक्षेपक शोधायलाच त्याला वेळ लागला. इतरांबद्दल थोडं थोडं बोलला आणि मग थांबून म्हणाला, "शेलार का हमको मालूम नहीं था। हम यहाँ आ के शुना कि वो भी चला गया। हम शोचा था, पूना जाएगा तो शेलार मिलेगा।" मग रुमालाने चष्मा पुसून सांगू लागला. मैदानात सगळे इंग्रजीत ओरडायचे, ते समोरच्या संघालाही कळायचं. "तो शेलार हमको एक मराठी बात शिखाया। शोड!" सभागृह हसलं. "मतलब, छोड़ दे, बॉल हमारा है। हम एक बार शोड बोला, तो शेलार बॉल को पाँव नहीं लगाता था। दूशरा लोग नहीं शुनता था। बॉल शामने है, पब्लिक देखता है, शबको हीरो बनना है, कौन छोड़ेगा? शेलार छोड़ता था। पेपर में नाम हमारा आता था।"

आमच्या बोळातला शब्द व्यासपीठावर उभा होता, परक्या माणसाच्या तोंडून, श चा स न होणाऱ्या जिभेने, आणि तो माझ्याआधीचा होता. मी बाबांना हलवलं. "बाबा, उठा ना. सांगा ना त्यांना!" बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. दोन्ही एकदम. तेवढ्यात पुकारा झाला: "कैलासवासी म. शेलार यांचे कुटुंबीय!" मी पुन्हा म्हटलं, "बाबा, सांगा!" त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "सोड."

मी थांबले. आमच्या खेळात हा शब्द नेहमी माझा असायचा, ते कधी म्हणत नसत.

"एवढी माणसं उभी राहिली, आता त्यांना खाली बसवून मी जिवंत आहे म्हणून काय सांगू?" ते हळूच म्हणाले. "ह्या बाईंच्या मालकांचं नाव आत्ताच घेतलंय. आता मी उठलो तर ही माणसं हसतील. सगळ्याच नावांना हसतील. जा तू. दादूच्या हातनं मिळतंय, घेऊन ये."

मी गेले. माझा हिरवा परकर पायऱ्यांवर पायात आला. कुणीतरी "अरेरे, केवढीशी" म्हणालं. दादूने माझ्या खांद्यावर शाल घातली, ती माझ्या पायांपर्यंत आली, हातात नारळ दिला आणि वाकून चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणला. त्याच्या अंगाला आमच्या रविवारचा वास होता, मोहरीच्या तेलाचा. "तुम्हारा बाबा बहुत अच्छा आदमी था," तो म्हणाला. बाबांनी सोड म्हटलं होतं. पण मला ते सुटेना. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "बाबा मेले नाहीत. वो इधरही हैं." आणि तिसऱ्या रांगेकडे हात केला. दादूने त्या दिशेला पाहिलंही नाही. त्याचा चेहरा आणखीच पडला. त्याने माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आपल्या छातीवर ठेवला आणि म्हणाला, "हाँ बेटा. इधर ही है। हमेशा इधर ही रहेगा।" समोर टाळ्या पडल्या. मग मला हळूच पायऱ्यांकडे वळवण्यात आलं, कारण पुढचे कुटुंबीय वर येत होते.

समारंभ संपल्यावर बाबा धडपडत मागच्या दाराकडे निघाले. एवढ्या गर्दीत चारचौघांना न कळता दादूला गाठता येईल, असा त्यांचा हिशेब असावा. गाडीची वेळ झाली म्हणून दादूला दोघांनी धरून मोटारीत बसवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा मोटारीची काच वर होती आणि आत तो चष्मा काढून रुमालाने डोळे पुसत होता, खांदे हलत होते. बाबांनी हात वर केला, तो तसाच डोक्यापर्यंत नेऊन केस सारखे केले. मोटार त्यांच्या अगदी जवळून गेली. "हाक मारा ना!" मी रडत ओरडले. बाबा म्हणाले, "रडून मोकळा झालाय तो. आता परत कशाला?"

आम्ही चालत घरी आलो. स्वारगेटच्या गोंगाटातून मंडईपर्यंत बाबा कोट हातावर घेऊन पुढे चालत होते. वारं सुटलं होतं. मी थकून शाल ओढत चालले होते तेव्हा त्यांनी ती काढून घेतली, झटकली आणि स्वतः पांघरली. पुढे बोहरी आळीच्या तोंडाशी एकदम विचारलं, "कानात काय सांगितलंस त्याला?" मी सांगितलं, आणि तो काय म्हणाला तेही सांगितलं. बाबा रस्त्यात थांबले. इतके हसले, इतके हसले की एका हातगाडीला धरून उभे राहावं लागलं. मग हसणं संपलं तरी हातगाडी सोडेनात. केळीवाला म्हणाला, "काका, पाणी देऊ का?"

जिन्यात परांजपे मास्तर वाट बघतच होते. "काय शेलार, झाला का सत्कार?"

"झाला," बाबा म्हणाले. "मरणोत्तर."

आणि सगळी हकिकत त्यांनी हसत हसत सांगितली, दोन मिनिटांच्या स्तब्धतेसकट. मास्तर पाटीकडे बघत राहिले. मग ते आत गेले आणि कपबशी झाकून चहा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या नारळाची चटणी केली. खाऊन म्हणाले, "खवट निघाला गं. मेलेल्या माणसाला काय कळतंय, म्हणून दिला असेल."

दादूचा पत्ता संघटनेकडून मिळवून पत्र लिहा, म्हणून मी पुष्कळ दिवस मागे लागले होते. बाबा बघू म्हणायचे. एकदा मी फारच हट्ट केला तर म्हणाले, "सुमे, लिहिलं तर तो पुन्हा पुण्याला यायला निघेल. त्या डोळ्यांनी." पुढच्या हिवाळ्यात वर्तमानपत्रात कोपऱ्यात दादू गेल्याची दोन ओळींची बातमी आली. बाबांनी ती वाचली, पेपरची घडी घातली, तेलाची बाटली काढली. वार रविवार नव्हता. मास्तर उपरणं नाकाला न लावता दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

बोळातला आमचा खेळ त्या समारंभानंतर बंद झाला. बाबांनी नाही म्हटलं नाही. मी चेंडू घेऊन गेले की येत, चेंडू माझ्याकडे सोडत, पण मी "सोड!" ओरडायच्या आधीच थांबलेले असत. अशाने खेळ होत नाही. काही दिवसांनी मी चेंडू खाटेखाली ढकलला. मला वाटतं, त्या सभागृहातून मी परत आणले ते बाबा पुरते नव्हते. थोडे तिथेच उभे राहिले होते. हे मी कुणाला सांगणार? संध्याकाळी ठोके थांबायचे, सायकलची घंटा वाजायची, बाबा घरात यायचे, आणि तरी मला एकटं वाटायचं.

ते पुढे पुष्कळ वर्षं जगले. माझी नोकरी, त्यांची निवृत्ती, दोघांचं म्हातारं होत जाणं. मधल्या काळात जुन्या खेळाडूंचे आणखी सत्कार झाले, कुणाला मानधन लागलं, कुणाच्या नावाने स्पर्धा झाल्या. आमच्याकडे कोणी आलं नाही, येणार तरी कसं? त्यांच्या दप्तरी बाबांचं सगळं करून झालं होतं. मी एकदा जाऊन सांगते म्हटलं तर म्हणाले, "शाल परत मागतील." ती शाल त्यांनी विरेपर्यंत वापरली. शेवटच्या आजारात तीच अंगावर होती. ते खरोखर गेले तेव्हा दारावरची पाटी बदलावी लागली नाही.

आता चाळीच्या जागी इमारत आहे आणि तिच्यात मला एक घर मिळालंय. एकटीच असते. तांबटांचे ठोके थोडे उरलेत, सकाळी कान देऊन ऐकावे लागतात. पाटी मी नव्या दाराला लावली. सामान घेऊन येणाऱ्या मुलांना आता 'कै.' कळत नाही. "के. एम. शेलार सर आहेत का?" असं मोकळ्या आवाजात विचारतात. मला ते आवडतं. बाहेर गेलेत म्हणून सांगते.

गेल्या महिन्यात एका तरुण मुलाचा फोन आला. फुटबॉलच्या इतिहासातल्या थोर खेळाडूंची नावं एका मैदानाच्या भिंतीवर कोरणार आहेत, त्यात बाबांचं आहे. "मॅम, तुमचे फादर लेजंड होते, यू नो. आम्हाला एका जुन्या स्पीचमध्ये त्यांचा रेफरन्स मिळाला." मी पूर्ण नाव सांगितलं, फोटो पाठवला. चार दिवसांनी त्याने दगडावर कोरायच्या मजकुराचा नमुना मोबाइलवर धाडला आणि पाठोपाठ फोन केला. "मॅम, सॉरी हं, एक टायपो झालाय. डिझायनरने 'कै. कै. म. शेलार' केलंय. कै. दोनदा पडलाय. एक डिलीट करतो."

"कुठला करणार?" मी विचारलं.

"कुठलाही मॅम. सेमच आहेत ना दोन्ही."

मी चष्मा लावून तो नमुना पुन्हा पाहिला. दोन अक्षरं शेजारी शेजारी, पाय जुळवून उभी होती. खाली कुणीतरी ठोकायला सुरुवात केली होती, हंडा असावा.

"सोड," मी म्हणाले. "हात लावू नकोस. दोन्ही त्यांचेच आहेत."